बर्नार्ड विड्रो यांचे काम अभ्यासक्रमाबाहेर काढू नका : अभ्यास मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियांत्रिकी अभ्यास मंडळ

सविनय नमस्कार.

सुधारित अभ्यासक्रमाचा जो मसुदा आपण संलग्न महाविद्यालयांकडे पाठवला आहे, त्यात तिसऱ्या वर्षाच्या डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग या अनिवार्य विषयातून अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टरचे (परिस्थितीनुसार स्वतःला जुळवून घेत सिग्नलमधला नको तो भाग वेगळा करणाऱ्या फिल्टरचे) प्रकरण वगळलेले आहे. ते आता अंतिम वर्षाच्या वैकल्पिक विषयांच्या यादीत गेले आहे. पुरेसे विद्यार्थी न मिळाल्यामुळे तो वैकल्पिक विषय बहुतेक महाविद्यालयांत सुरूच होत नाही, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्याच मसुद्यात मशीन लर्निंग हा नवा अनिवार्य विषय आला आहे आणि त्याचे मी मनापासून स्वागत करते. परंतु त्याला जागा करून देण्यासाठी ज्या प्रकरणाला उठवले, ते त्याच्याच पूर्वजांपैकी आहे, ही गोष्ट मसुदा तयार होताना ध्यानात घेतली गेली नाही, असे मला वाटते. विहित नमुन्यात मी हरकत नोंदवली. तिची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. हा प्रश्न माझ्या एकटीचा नसल्यामुळे आता हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

मी याच विद्यापीठात शिकले आणि याच विद्यापीठाच्या एका संलग्न महाविद्यालयात सिग्नल प्रोसेसिंग शिकवते. माझ्या वर्गातली बरीचशी मुले-मुली तालुक्याच्या गावांतून येतात आणि त्यांच्या घरांत ती पहिलीच अभियंता होणार असतात. दोन वर्षे त्यांनी डिकन्व्होल्यूशन, झेड-ट्रान्सफॉर्म, कोरिलेशन यांची गणिते परीक्षेपुरती सोडवलेली असतात. ते गणित स्वतः शिकणारे यंत्र होऊन समोर उभे राहिलेले त्यांना पहिल्यांदा दिसते ते या प्रकरणात. त्यामुळे हे प्रकरण जाण्याने माझ्या शिकवण्यातले सर्वांत मोलाचे काहीतरी जाणार आहे, हे मी लपवत नाही.

हे प्रकरण ज्यांच्या कामावर उभे आहे, त्या प्राध्यापकांची कारकीर्द आपण एकदा नजरेखालून घालावी, अशी माझी विनंती आहे, कारण मसुद्याविरुद्धचा माझा सगळा युक्तिवाद त्या कारकिर्दीतच आहे.

बर्नार्ड विड्रो यांचा जन्म १९२९ साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातील नॉर्विच या गावी झाला. वडिलांचा बर्फाचा कारखाना होता. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनच्या सहवासात मुलाला रेडिओची गोडी लागली आणि मोठेपणी इलेक्ट्रिशियन होणार असे त्याने वडिलांना सांगितले, तेव्हा इलेक्ट्रिशियन नव्हे, विद्युत अभियंता हो, असे वडिलांनी सुचवले, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितलेली आहे. पदवीपासून डॉक्टरेटपर्यंतचे सगळे शिक्षण मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे झाले. १९५६ साली पूर्ण झालेला त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध क्वांटायझेशन नॉइजच्या सांख्यिकीवर होता. अखंड बदलणारा सिग्नल ठरावीक पायऱ्यांत बसवताना जी चूक शिरते, तिला कोणत्या अटींवर साधा, स्वतंत्र गोंगाट मानता येईल, याचा तो शोध होता. हा भाग आपल्या मसुद्यात शाबूत आहे, फक्त कोणाचेही नाव न घेता. आज मोठमोठी न्यूरल नेटवर्क, म्हणजे मेंदूतील पेशींच्या जोडणीवरून सुचलेली शिकणारी जाळी, मोबाइलवर बसवण्यासाठी त्यांतील गुणांक (इनपुटला ज्यांनी गुणले जाते ते आकडे) आठ किंवा चार बिटांत कोंबले जातात, तेव्हा पुन्हा हाच प्रश्न उभा राहतो.

त्याच १९५६ सालच्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवरची ती प्रसिद्ध कार्यशाळा भरली. तरुण विड्रो तेथे आठवडाभर जाऊन आले. परतल्यावर काही महिने त्यांच्या डोक्यात विचार करणाऱ्या यंत्राखेरीज दुसरे काही नव्हते. मात्र हाताशी असलेल्या सर्किटांनी असे यंत्र नजीकच्या काळात होणे नाही, हे त्यांनी ओळखले आणि आपल्या आवाक्यातला, पण त्याच दिशेचा प्रश्न निवडला : परिस्थिती बदलेल तसे आपले गुणांक स्वतःच बदलणारा फिल्टर. ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या स्वप्नातूनच अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टर जन्माला आला, आणि मसुदा मात्र या दोहोंना अनोळखी समजतो.

१९५९ साली विड्रो स्टॅनफर्ड विद्यापीठात रुजू झाले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत टेड हॉफ हे संशोधक विद्यार्थी म्हणून त्यांच्याकडे आले. एका शुक्रवारी दुपारी दोघे फळ्यासमोर उभे राहिले. यंत्राच्या उत्तरात जी चूक येते तिच्या वर्गाची (स्क्वेअरची) सरासरी कमीत कमी करायची, तर तिचा उतार कोणत्या दिशेने आहे हे कळायला हवे, आणि तो उतार काढायचा तर पुष्कळ नमुने गोळा करून सरासरी घ्यावी लागते, ही तोवरची अडचण होती. त्या दुपारी त्यांना दिसले ते असे की, सरासरीची वाट न पाहता आत्ताच्या एकाच नमुन्याच्या चुकीवरून उतार अजमावला तरी चालते. मग उरतो तो एवढाच नियम : आत्ताची चूक घ्यावी, तिला त्या गुणांकावर आलेल्या इनपुटने आणि एका लहानशा स्थिरांकाने गुणावे, आणि तेवढा फरक गुणांकात करावा. वर्ग करणे नाही, सरासरी नाही, विकलन नाही. हाच एलएमएस (लीस्ट मीन स्क्वेअर्स) अल्गोरिदम, म्हणजेच विड्रो-हॉफ नियम. सूत्र हाती येताच हॉफ यांनी ते समोरच्या खोलीतल्या अ‍ॅनलॉग संगणकावर चालवून पाहिले, आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत सुटे भाग विकत आणून दोघांनी घरीच एक यंत्र जोडले. १९६० साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

त्या यंत्राचे नाव अ‍ॅडलाइन. त्याच्या दर्शनी भागावर चार ओळी आणि चार स्तंभांत सोळा टॉगल स्विच होते. ते वरखाली करून अक्षराचा आकार मांडायचा. प्रत्येक स्विचचा एक गुणांक आणि एक कायमचा जादा गुणांक मिळून सतरा नॉब, आणि बेरीज दाखवणारा एक काट्याचा मीटर. अक्षर मांडले, मीटरवर हवे ते मूल्य आले नाही, तर जी चूक दिसते तिचा सतरावा हिस्सा प्रत्येक नॉबने फेडायचा. नॉब कोणत्या बाजूला फिरवायचा हे त्या स्विचच्या स्थितीवरून ठरते. मग पुढचे अक्षर. सारे आकार असे काही फेऱ्या फिरवून झाले की, यंत्र ते ओळखू लागते आणि एखादा स्विच चुकीचा पडला तरी बहुधा फसत नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने हे यंत्र ब्रेडबोर्डवर जोडले होते. त्यासाठी लागणारे पॉट (फिरवून बदलायचे रोधक), टॉगल स्विच, ऑप-अँप आणि मल्टिमीटर कोणत्याही महाविद्यालयाच्या स्टोअरमध्ये पडलेले असतात. बाह्य परीक्षकांनी ओरलमध्ये त्यांना न्यूरॉन म्हणजे काय असे विचारले, तेव्हा त्या मुलींनी पाठ केलेली व्याख्या सांगितली नाही. त्यांनी नॉब फिरवून दाखवला.

हातांनी नॉब फिरवण्याच्या पुढची पायरी म्हणून विड्रो आणि हॉफ यांनी मेमिस्टर बनवला. पेन्सिलमधल्या शिशाच्या कांडीवर विद्युतविलेपनाने तांब्याचा थर चढवायचा किंवा उतरवायचा, म्हणजे तिचा रोध हवा तसा बदलतो आणि प्रवाह थांबल्यावरही तसाच राहतो. रोधकालाच स्मरणशक्ती आली. असे अनेक अ‍ॅडलाइन एकत्र जोडून त्यांनी मॅडलाइन उभे केले. मात्र एकापेक्षा अधिक थर असतील तर आतल्या थरांतले गुणांक कसे शिकवायचे, हे त्या काळी सुटले नाही, आणि विड्रो यांनी आपला मोहरा सिग्नल प्रोसेसिंगकडे वळवला. ती गाठ बॅकप्रोपगेशनने, म्हणजे शेवटची चूक थराथराने मागे नेत आतले गुणांक सुधारण्याच्या पद्धतीने, सोडवली. १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या शोधनिबंधाने ती पद्धत सर्वदूर पोहोचली. अभियंता म्हणून पाहिले, तर ती पद्धत म्हणजे विड्रो-हॉफ नियमाचाच अनेक थरांसाठी झालेला विस्तार आहे. २०२४ सालचा भौतिकशास्त्राचा नोबेल पुरस्कार न्यूरल नेटवर्कवरील कामासाठी हॉपफील्ड आणि हिंटन यांना मिळाला, तेव्हा आपल्या कित्येक महाविद्यालयांत त्यावर व्याख्याने झाली. ज्या नियमावरून त्या जिन्याची पहिली पायरी चढता येते, तो मात्र त्याच महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमातून आता जाणार.

हॉफ यांच्याविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ते पुढे इंटेल या कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी एक झाले, आणि १९७१ साली बाजारात आलेल्या ४००४ या मायक्रोप्रोसेसरच्या मूळ संकल्पनेत त्यांचा मोठा वाटा होता. आपले विद्यार्थी मायक्रोप्रोसेसर शिकतात, मशीन लर्निंग शिकणार आहेत, आणि या दोन्ही विषयांच्या उगमाशी एकच विद्यार्थी उभा होता, हे त्यांना कोणी सांगणार नाही.

न्यूरल नेटवर्ककडून वळल्यानंतरची विड्रो यांची कारकीर्द हाच आपण वगळलेला भाग आहे. टेलिफोनच्या तारेवरून वेगाने डेटा पाठवायचा तर प्रत्येक तारेचा दोष वेगळा असतो. बेल लॅबमधील रॉबर्ट लकी यांनी १९६० च्या दशकात स्वतःला जुळवून घेऊन तो दोष भरून काढणारा इक्वलायझर घडवला आणि मोडेमचे युग शक्य झाले. पुढे त्या कामासाठी एलएमएस सर्रास वापरात आला. १९६७ साली विड्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँटेनांचा समूह नको त्या दिशेकडून येणाऱ्या सिग्नलकडे आपोआप कान कसा बंद करील, हे दाखवले. १९७५ साली त्यांचा अ‍ॅडॅप्टिव्ह नॉइज कॅन्सलिंगवरचा शोधनिबंध आला. त्यातील गर्भाच्या हृदयाच्या ईसीजीचे उदाहरण मी दरवर्षी वर्गात उलगडून सांगते. आईच्या पोटावर लावलेल्या इलेक्ट्रोडमध्ये बाळाच्या हृदयाचे ठोके असतातच, पण आईचे ठोके त्यांच्या कितीतरी पट मोठे असल्यामुळे ते दिसत नाहीत. आईच्या छातीवर वेगळे इलेक्ट्रोड लावायचे, म्हणजे तेथे जवळजवळ फक्त आईचेच हृदय ऐकू येते. छातीवरचा सिग्नल पोटापर्यंत येताना कसा बदलतो हे फिल्टर स्वतः शिकतो, तेवढा वजा करतो, आणि बाळाचे ठोके उघडे पडतात. फिल्टरला बाळाच्या हृदयाविषयी आगाऊ काहीच सांगावे लागत नाही.

त्याच शोधनिबंधात एक नोंद आहे, ती मंडळाने आवर्जून पाहावी. स्टॅनफर्डमधली पहिली अ‍ॅडॅप्टिव्ह नॉइज कॅन्सलिंग प्रणाली १९६५ साली दोन विद्यार्थ्यांनी बनवली होती, आणि तीही अ‍ॅडॅप्टिव्ह सिस्टिम्सच्या नेहमीच्या अभ्यासक्रमातील सत्रप्रकल्प म्हणून. ईसीजी यंत्रात शिरणारी विजेच्या पुरवठ्याची ६० हर्ट्झची घरघर काढणे, एवढेच त्यांचे उद्दिष्ट होते. आपल्याकडे ती घरघर ५० हर्ट्झची असते. अभ्यासक्रमात जागा होती म्हणून ते काम झाले.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार प्रकरण वगळण्याच्या कारणाविषयी आहे. मसुद्याच्या प्रस्तावनेत उद्योगाच्या गरजांशी सुसंगती असा उल्लेख आहे. विड्रो यांनी घडवलेल्या तंत्राला उद्योगात मागणी नाही, असे कोणीही अभियंता म्हणणार नाही. स्पीकरफोनवर बोलताना आपलाच आवाज प्रतिध्वनी होऊन परत येत नाही, विमानात कानाला लावलेला हेडफोन इंजिनाची घरघर कापतो, यांमागे एलएमएस किंवा त्याची भावंडे आहेत. हा विषय जुना आहे म्हणून कालबाह्य झाला, असा समज असेल तर त्याचे लेखी स्पष्टीकरण मंडळाने द्यावे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. नव्या मशीन लर्निंगच्या विषयात प्रात्यक्षिकांची जी यादी दिली आहे, तिच्यातले पहिलेच प्रात्यक्षिक तयार लायब्ररीतून मॉडेल आणून ते उपलब्ध डेटावर चालवण्याचे आहे. दहा ओळींचा कोड, अचूकतेचा आकडा, जर्नलमध्ये त्याचा स्क्रीनशॉट. लर्निंग रेट (विड्रो-हॉफ नियमातला तोच लहानसा स्थिरांक) वाढवला तर काय बिघडते, या प्रश्नाला विद्यार्थी उत्तर देतात की अचूकता कमी होते. आमच्या जुन्या प्रात्यक्षिकात तेच उत्तर कानांनी मिळत असे. प्रयोगशाळेत टेबलफॅन लावायचा, एक माइक पंख्याजवळ, दुसरा बोलणाऱ्याजवळ, आणि दोन्हींचे स्टिरिओ रेकॉर्डिंग करायचे. विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला एलएमएस त्यावर चालवला की, पहिले काही क्षण पंखा तसाच घोंघावतो, मग हळूहळू मागे सरतो आणि शब्द पुढे येतात. स्थिरांक फार लहान ठेवला तर पंखा जायला फार वेळ लागतो. फार मोठा ठेवला तर हेडफोनमध्ये कर्कश स्फोट होतो आणि गुणांक अनंताकडे धावतात. बत्तीस गुणांक पुरत नाहीत, खोलीचा घुमारा धरायला ते वाढवावे लागतात. पंख्याजवळच्या माइकमध्ये बोलणाऱ्याचा आवाज शिरला तर फिल्टर तोही कापू लागतो, आणि का, हे एकमेकांना समजावताना मुले तासिका संपल्याचे विसरतात. ज्याने एकदा हे ऐकले आहे, त्याला लाखो गुणांकांचे नेटवर्क का बिथरले याचा निदान अंदाज बांधता येतो. ही समज आपण काढून घेत आहोत, आणि तिच्या जागी काहीच ठेवत नाही.

तिसरी तक्रार अशी की, आपल्या अभ्यासक्रमात माणसे कुठेच नाहीत. सूत्रे आहेत, त्यांचे कर्ते नाहीत. त्यामुळे हे सारे आपल्यापासून फार दूर कुठेतरी आपोआप घडले, असे विद्यार्थ्यांना वाटते. पुण्यात जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ साली दूरसंचाराची पदवी घेतलेले थॉमस कैलाथ १९६३ पासून स्टॅनफर्डमध्ये विड्रो यांचे सहकारी प्राध्यापक होते. २००९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. एलएमएस ही एक कामचलाऊ, पण उपयोगी पडणारी तडजोड आहे, असेच दीर्घकाळ मानले जात होते. १९९६ साली हसीबी, सईद आणि कैलाथ यांनी सिद्ध केले की, वाईटात वाईट गोंगाटापुढे होणारी हानी कमीत कमी ठेवण्याच्या कसोटीवर एलएमएस अंदाजे नव्हे, तर नेमका इष्टतम आहे. फळ्यावरच्या एका दुपारच्या सूत्राचे असे खरे मोल साडेतीन दशकांनी कळले, आणि ते दाखवणाऱ्यांत पुण्यात शिकलेला माणूस होता. आपल्या विद्यार्थ्यांना हे कळण्याचा हक्क आहे.

चौथी तक्रार प्रक्रियेची. मसुद्यावर हरकती मागवल्या, त्यासाठीची मुदत सत्रांत परीक्षांच्या ऐन कामात पडली, आणि आलेल्या हरकतींवर काय विचार झाला हे कोठेही प्रसिद्ध झालेले नाही.

विड्रो यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध मी थोडक्यात सांगते, कारण आमची मुले तेथपर्यंत पोहोचावीत असे मला वाटते. १९८५ साली सॅम्युअल स्टर्न्स यांच्यासह त्यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक आमच्या ग्रंथालयात आजही हातोहात फिरते. १९८६ साली त्यांना आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल पदक मिळाले, २००१ साली बेंजामिन फ्रँकलिन पदक. बॅकप्रोपगेशन आल्यावर साठीच्या उंबरठ्यावर ते पुन्हा न्यूरल नेटवर्ककडे वळले. डेरिक न्युएन या विद्यार्थ्यासह त्यांनी ट्रेलर जोडलेला ट्रक मागे घेत धक्क्याला लावायला नेटवर्कला शिकवले, तेही ट्रक कसा वागतो हे आधी एका नेटवर्कला शिकवून आणि मग त्यावर दुसऱ्याला घडवून. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी गळ्यात हारासारखा घालायचा माइकसमूह त्यांनी विकसित केला. समोरच्या माणसाचा आवाज तेवढा उचलून तो श्रवणयंत्राकडे पाठवतो. एकाच कल्पनेशी साठ वर्षांच्या आसपास इमान राखणारा शिक्षक कसा असतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टरचे प्रकरण किमान सहा तासिकांसह तिसऱ्या वर्षाच्या अनिवार्य विषयात परत घ्यावे. त्यासाठी तासिका कमी पडत असतील, तर फिल्टर डिझाइनच्या ज्या तक्त्यांवर आज आपण आठवडे घालवतो आणि जे कोणतेही सॉफ्टवेअर क्षणात काढून देते, ते कमी करावेत. एक प्रात्यक्षिक अनिवार्य असावे : ब्रेडबोर्डवरचा अ‍ॅडलाइन, किंवा तयार फंक्शन न वापरता लिहिलेल्या एलएमएसने ईसीजीच्या नमुन्यातली ५० हर्ट्झची घरघर काढणे. महाविद्यालयाने आपल्या सोयीने यांपैकी निवड करावी. मशीन लर्निंगचे पहिले प्रकरण विड्रो-हॉफ नियमापासून सुरू व्हावे आणि त्यात विड्रो, हॉफ व कैलाथ यांची नावे अभ्यासक्रमाच्या मजकुरातच असावीत. कृत्रिम बुद्धिमत्ता व डेटा सायन्स या शाखेचा अभ्यासक्रम वेगळ्या मंडळाकडे आहे याची मला कल्पना आहे. त्या मंडळासह एक संयुक्त बैठक घ्यावी, कारण तेथील विद्यार्थ्यांना सिग्नल हा शब्दही भेटत नाही.

या प्रकरणासाठी शिक्षकांची तयारी कमी पडते, ही अडचण खरी आहे, आणि कदाचित तेच ते वगळण्याचे न सांगितलेले कारण असेल. तसे असल्यास माझ्या प्रात्यक्षिकांच्या टिपणी, ध्वनिमुद्रणे आणि अ‍ॅडलाइनचे सर्किट मी विद्यापीठाला विनामूल्य देण्यास तयार आहे, आणि सुट्टीत संलग्न महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी कार्यशाळा घेण्याचीही माझी तयारी आहे.

हा मसुदा विद्या परिषदेपुढे मंजुरीसाठी जाण्यापूर्वी सर्व हरकती आणि त्यांवरील मंडळाचे अभिप्राय विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेत, आणि या पत्रातील प्रत्येक मागणीवर मान्य की अमान्य, तेही कारणांसह, लेखी कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
सिग्नल प्रोसेसिंग शिकवणारी एक प्राध्यापिका